मुरलेल्या तारा

१२ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद वगैरे शेवटी. आधी कामाचं.

तुझी पेटी काल दुपारी पोचली. बाहेर दुकानाचं नाव, आत बेस गिटार, आणि तारांमध्ये खोचलेली चिठ्ठी: "विकून टाक. घाई नाही. धाकटा." नऊ वर्षांनी पाच शब्द, त्यातला एक तुझं नाव. अक्षरही तुझं नाही. पहिलीतल्या मुलासारखं, ओळीतून घसरलेलं. चिठ्ठी लिहायलाही माणूस ठेवला असशील तर मोठाच झालास म्हणायचं.

शेजारचा चष्मेवाला पेटी उघडताना उभा होता. त्याला सगळ्यांच्या घरातलं जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसतं. म्हणाला, "ही तर तुमच्या बाबांनी बनवलेली ना? धाकट्याची? मग ती विकायला कशी आली?" मी म्हटलं, जगात सगळंच विकायला येतं, चष्मेसुद्धा. तो गेला, पण दारात दोनदा वळून बघितलं त्याने.

तुला दुकानाची रीत आठवत असेल. विकायची वस्तू आधी बरी करायची, आणि जे बरं होण्यासारखं नाही ते गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगायचं. बाबांच्या वेळेपासून हेच आहे. त्यामुळे मी ती दोन आठवडे टेबलावर ठेवणार, प्रत्येक गोष्ट बघणार आणि तुला कळवणार. घाई नाही असं तूच म्हटलंयस.

तारांचा विषय मात्र नको. मी तुझ्या जुन्या तारा काढून नव्या चढवल्या, तू दुकानाच्या तीन पायऱ्या उतरून गेलास, तो गेलासच. त्या तारांचं मला माहीत नव्हतं हे मी तेव्हाच सांगितलं होतं. एकच गोष्ट किती वेळा सांगायची?

ताई


२७ जानेवारी

धाकट्या,

तुझ्या उजव्या हाताला काय झालंय?

मला कोणी काही सांगितलेलं नाही. बेसनेच सांगितलं. तीस वर्षं मी या टेबलावर लोकांची वाद्यं उघडते आहे. माणूस खोटं बोलतो, पण लाकूड कुठे झिजलंय ते लपवता येत नाही.

आधी जुनी झीज. तारांखालच्या पिकअपच्या कडेला तुझ्या अंगठ्याने पाडलेला खळगा आहे, त्यात माझ्या बोटाचं अख्खं पेर बसतं. तिथे अंगठा टेकवून तू तीन बोटांनी वाजवायचास. अनामिका, मधलं, तर्जनी, पुन्हा अनामिका, तीन माणसं बोलत बोलत जिना उतरावीत तशी. एकाचंही पाऊल दुसऱ्यापेक्षा जड पडायचं नाही. हात पातळ तारांकडे सरकला की अंगठाही मागोमाग सरकून जाड तारांवर पडायचा आणि त्यांना गप्प करायचा. डाव्या हाताची बोटं तू अर्धवट दाबून ठेवायचास, म्हणजे दोन सुरांच्या मध्ये नुसता ठोका ऐकू यायचा, सूर नाही. बाबा त्याला मुके सूर म्हणायचे. "पोरगं न वाजवता वाजवतंय," असं गिऱ्हाइकांना सांगताना त्यांची मान ताठ व्हायची.

तुझं सामानही मला पाठ आहे. जाड, गुळगुळीत तारा, आणि त्याही पट्टीपासून इतक्या उंच की दुसऱ्याची बोटं सोलून निघावीत. तार बोटाला भिडली पाहिजे, असं तुझं म्हणणं. बटणं दोन, पण आवाज बारीक-जाड करायचं बटण तू कायमचं चिकटवून टाकलेलं, कारण "तो फरक हातात पाहिजे, बटणात नाही". तारांची टोकं अडकवतात त्या ब्रिजजवळ, तारांखाली, भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा, सूर लांबू नये म्हणून. आणि तो काचेच्या नळ्यांचा जुना अँप्लिफायर, जो तापेपर्यंत तू कोणाशी बोलत नसायचास. तू गेल्यावर कितीतरी पोरं दुकानात यायची, "धाकट्यांसारखी लावून द्या" म्हणायची. मी लावून द्यायचे. आठ दिवसांत बोटांना पट्ट्या बांधून परत यायची, तारा खाली करा म्हणून.

आता नवी झीज. तारा खाली उतरवल्यात. बारीक तारा घातल्यात. ज्याने हे काम केलं त्याने पट्टीवरच्या फ्रेटची धातूची टोकंही घासली नाहीत, हाताला ओरखडे येतात. असल्या माणसाकडे गेलास, पण इकडे आला नाहीस. बरं. अंगठ्याच्या खळग्यात धूळ बसली आहे, म्हणजे तिथे बरेच दिवस अंगठा टेकलेला नाही. ब्रिजजवळ तळहाताची टाच घासून पॉलिश गेलंय, ते मात्र ताजं आहे. आणि तारांच्या खाली, लाकडावर, तारा छेडायच्या प्लेक्ट्रमचे ओरखडे. खूप. आडवेतिडवे, घाबरल्यासारखे.

तू आणि प्लेक्ट्रम? चौदाव्या वर्षी एकाने तुला प्लेक्ट्रम भेट दिलं होतं, त्याने तू खिडकीची सैल झालेली काच अडकवली होतीस. ती काच अजून त्याच्यावरच उभी आहे.

म्हणजे तीन बोटांची दोन झाली, दोनाचं एक झालं, मग एकही उरलं नाही. एवढं मला लाकडावरून वाचता आलं. पुढचं तू सांग.

ताई


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. "हाताला काही नाही. गिऱ्हाईक मिळालं का?" पुन्हा तेच घसरलेलं अक्षर. आता मला कळलंय ते कोणाचं आहे.

मी ढोलूला फोन केला. त्याच्यावर चिडू नकोस. तुझ्याबरोबर वीस वर्षं ड्रम वाजवलेला माणूस, पोट एवढं सुटलंय, पण त्यात एक गोष्ट राहत नाही. पहिली पाच मिनिटं "ताई, मी काही बोलणार नाही, त्याने शपथ घातलीय" असं म्हणाला आणि पुढचा पाऊण तास बोलत होता.

दोन वर्षं झाली म्हणे. तारेवर हात गेला की मधलं बोट आपोआप तळहातात वळतं, त्याच्यामागून अनामिका. इतर वेळी हात चांगला. दाराची कडी काढतोस, बटणं लावतोस, भाजी चिरतोस. तारेवर गेला की मूठ. मग पेन धरलं तरी तेच व्हायला लागलं, म्हणून डाव्या हाताने लिहितोस. डॉक्टर म्हणाले, बोट धडधाकट आहे, फार वर्षं फार बारीक काम केल्याने डोक्यातच बोटांची सरमिसळ झाली आहे. औषध देतील, व्यायाम देतील, पण पूर्वीसारखं होणार नाही. तू तिथून बाहेर येऊन ढोलूला म्हणालास, "झाकली मूठ सव्वा लाखाची." तो सांगताना हसला आणि मग फोनवरच नाक शिंकरलं त्याने.

शेवटच्या कार्यक्रमाचंही त्याने सांगितलं. गाण्याच्या मध्यावर तुझा हात मिटला, तू मान खाली घालून तसाच उभा राहिलास, आणि तुझी जागा भरायला ढोलू पायाचा मोठा ड्रम वाजवत राहिला. लोकांना वाटलं, मुद्दाम केलंय. टाळ्या वाजवल्या. तू त्या रात्रीपासून बेस उघडला नाहीस. आता रंगाच्या दुकानात डबे लावतोस.

मला फार वाईट वाटलं. कसं लिहायचं ते कळत नाही म्हणून सरळ लिहिते. तो हात तू पाळण्यात असल्यापासून मी बघितलाय.

आता गिऱ्हाइकाचं. मिळालं होतं. एक बाई आली, तिशीची, लग्नसमारंभात आणि हॉटेलांत वाजवते. बसली, तार जुळवली, आणि तिने इतकं छान वाजवलं की चष्मेवाला गिऱ्हाईक खुर्चीत सोडून दारात आला. तिने खालच्या अंगाला लाकडात बुजवलेली दोन भोकं बघून विचारलं, "इथे काय होतं?" मी म्हटलं, लाकडी ठोकळा होता, जुन्या पद्धतीचा. बोटं त्यात अडकवायची आणि अंगठ्याने वाजवायचं. तिने विचारलं, काढला का? मी म्हटलं, एकाला सतराव्या वर्षी लाज वाटली म्हणून.

ती घेते म्हणाली. आणि मी म्हटलं, "मानेला पीळ आहे. वर्षभरात सूर सरकायला लागतील. देणार नाही."

मानेला पीळ नाही. काचेच्या पट्टीसारखी सरळ आहे. या टेबलामागे बसून मी गिऱ्हाइकाशी पहिल्यांदा खोटं बोलले. ती आभार मानून गेली, त्याने आणखीच लाज वाटली.

तुझी बेस मी विकणार नाही. काय करायचं ते तू ठरव.

ताई


१५ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड वाचलं. "मान सरळ आहे हे तुलाही माहीत आहे. बाबांच्या दुकानात खोटं कधीपासून बोलायला लागलीस?"

तीन दिवस ते कार्ड टेबलावर होतं. उपडं ठेवलं तरी दिसत होतं. तू रागाने लिहिलंयस, आणि तुला कल्पना नाही की तू नेमका कशावर बोट ठेवलंयस. विचारलंच आहेस तर सांगते. साडेनऊ वर्षांपासून.

हे पत्र मी आधी चारदा लिहून फाडलंय. हे पाचवं.

बाबा तारा मुरवायचे. बाहेरच्या कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. नव्या तारेचा आवाज त्यांना सोसायचा नाही, "नवी सून भांडी आपटतेय" म्हणायचे. म्हणून तुझ्यासाठी आणलेला नवा संच ते आधी स्वतःच्या बेसवर चढवायचे, वर्षभर अंगठ्याने वाजवायचे, तळहाताने पुसायचे, आणि आवाज खाली बसून गाभ्यातून यायला लागला की तुझ्या बेसवर घालायचे. चारी तारांना नावं होती, थोरली, दुसरी, तिसरी आणि धाकटी. तुझ्या वाजवण्यावर लोक एवढे लिहायचे, तुझ्या बोटांवर, तुझ्या अँप्लिफायरवर. त्या आवाजातलं वर्षभर बाबांच्या अंगठ्याचं होतं, हे आपल्या तिघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

तिघांना, धाकट्या. म्हणजे मलाही. तुला वाटत होतं, दोघांनाच.

बाबा अंथरुणाला खिळले ते आठ महिने. मी वर त्यांना कुशीवर वळवायचे, पुसायचे, भरवायचे, खाली येऊन कोणाच्या तरी गिटारचा तुटलेला नट बसवायचे, पुन्हा वर. तुझे दौरे होते. मी तुला ये म्हटलं नाही हे खरं आहे. म्हटल्याशिवाय यावंस असं मला वाटत होतं, हेही खरं आहे. तू एकदा आलास, तीन दिवस. पलंगाच्या लाकडावर बोटांनी ताल धरून बसलास आणि बाबा हसले. आठ महिन्यांत तेवढंच हसले. मी चहाचे कप घेऊन जिन्यात उभी राहिले होते. ते कप मी तसेच खाली नेले. तुम्हाला वाटलं असेल, ही चहा विसरली.

शेवटच्या दुपारी त्यांचा अंगठा पांघरुणावर हलत होता. मी माझा हात खाली दिला. ते तळहातावर वाजवत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. काय म्हणतील तेही मी ठरवून ठेवलं होतं. फार मोठं नाही. "दमलीस ग" एवढं चाललं असतं.

त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "धाकट्याला सांग, तारा बदलू नको. आता कुठं मुरल्यात." अर्ध्या तासाने गेले.

दुसऱ्या दिवशी तू आलास, आणि मला बाजूला घेऊन विचारलंस, "काही म्हणाले का?" मी म्हटलं, "नाही. झोपेतच गेले."

हे एक खोटं.

चार महिन्यांनी तू बेस घेऊन आलास. "ताई, वायर खोचायचं सॉकेट ढिलं झालंय. परवा रेकॉर्डिंग आहे." सॉकेटचं काम दहा मिनिटांचं. ते झालं. मग मी बसून राहिले. तारा बघत होते. काळ्या पडलेल्या, मऊ, बाबांच्या हाताच्या. आणि मग मी कटर घेतलं.

तार आधी ढिली करतात, मग कापतात, हे शिकाऊ माणसालाही कळतं. मी ढिली केली नाही. थोरली कापली तेव्हा असा आवाज झाला की चष्मेवाला धावत आला, काय पडलं विचारायला. मी म्हटलं, काही नाही. उरलेल्या तिन्ही कापल्या. मग दुकानातल्या सगळ्यात भारी तारा काढून चढवल्या, लाकूड पुसलं, फ्रेट चकचकीत केले. उपकारासारखं दिसावं म्हणून.

तू एकच सूर वाजवलास. विचारलंस, "जुन्या?" मी म्हटलं, "कचऱ्यात. गंजल्या होत्या. मला काय माहीत?" तू म्हणालास, "ताई, त्या बाबांच्या होत्या." आणि तीन पायऱ्या उतरलास.

मला माहीत होतं. निरोप मिळालेला असताना मी ते केलं. तुकडे नंतर शोधायला गेले, पण कचऱ्याची गाडी येऊन गेली होती.

त्या रेकॉर्डिंगमध्ये तुझा बेस झणझणतो. लोकांना फार आवडला. मी एकदा ऐकला आणि बंद केला.

इतकी वर्षं तू माझ्यावर रागावलास तो एका चुकीसाठी. ती चूक नव्हती. आता ज्यासाठी रागवायचं त्यासाठी रागव.

ताई


१० एप्रिल

धाकट्या,

कार्ड आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. रोज दुपारी पोस्टमन समोरच्या फुटपाथने जातो, मी टेबलावर पाना शोधत असल्यासारखं करते.

ढोलूचा फोन आला होता. म्हणाला, तू माझं पत्र त्याला वाचायला दिलंस, आणि तो वाचत होता तोवर रंगाचे डबे एकावर एक लावत होतास. वाचून झाल्यावर एकच विचारलंस, "आता कुठं मुरल्यात, असंच म्हणाले असतील ना रे ते?" ढोलू म्हणाला, "ताईंनी लिहिलंय तर तसंच." मग तू म्हणालास, "आवाज ऐकू येतो त्यांचा त्यात." आणि पुढचा डबा उचललास. ढोलूने शपथ मोडून सांगितलं. आता त्याला शपथ घालणं बंद करा सगळ्यांनी.

तुझी बेस परत पाठवते आहे. या पत्राआधी पोचेल किंवा नंतर. काय केलंय ते लिहिते, म्हणजे उघडल्यावर दचकायला नको.

फ्रेटची टोकं घासली. सॉकेट बदललं. मानेला पीळ नव्हता, ते मी त्या बाईलाही कळवलं. पत्ता शोधून गेले आणि सांगितलं की मी खोटं बोलले, बेस माझ्या भावाची आहे आणि मला द्यायची नव्हती. ती म्हणाली, "मग तसं म्हणायचं ना, मावशी." खरंच, इतकं सोपं होतं.

लाकडी ठोकळा परत बसवलाय. तू सतराव्या वर्षी काढून फेकलास, "अंगठ्याने वाजवणं म्हातारबाबांचं काम" म्हणून. बाबांनी हसून घेतलं आणि ठोकळा खणात ठेवला. मीच ती भोकं बुजवली होती, मीच उघडली. ठोकळ्याच्या मागे त्यांनी पेन्सिलने 'धा' लिहिलंय. वळलेली बोटं त्यात अडकव, वळायचं तेवढं वळू देत, तिथे त्यांना दुसरं काम नाही. अंगठ्याला काही झालेलं नाही, हे ढोलूकडून कळलं. डॉक्टरांना तू तोच दाखवून आलास म्हणे.

तुझं वाजवणं परत येईल असं मी म्हणणार नाही. ते गेलं. जिना उतरणारी ती तीन माणसं आता कोणालाच ऐकू येणार नाहीत, आणि त्याचं मला रडू येतं, कारण मी ती लहानपणापासून दाराआडून ऐकली आहेत. अंगठ्याने फार थोडं वाजतं. बाबा आयुष्यभर तेवढंच वाजवत होते, हॉटेलात जेवणाऱ्यांच्या मागे, आणि घरी येऊन तुझ्या तारा मुरवत होते.

आता तारा. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच जातीचा नवा संच आणला आणि भिंतीवरच्या बाबांच्या बेसवर चढवला. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर वाजवते. नऊ वर्षं झाली. मला बाबांची तीनच गाणी येतात, तीही चुकत. चष्मेवाला म्हणतो, "ताई, चौथं गाणं शिका, नाहीतर मी दुकान हलवतो." तुला द्यायच्या म्हणून वाजवत होते असं म्हटलं तर पुन्हा खोटं होईल. तू येशील असं वाटतच नव्हतं. सकाळी उठून दुसरं काही करवत नव्हतं, एवढंच.

दोन्ही बेस बाबांनी एकाच मापाच्या केल्यात, त्यामुळे तारा तुझ्या बेसवर बसतील हे माहीत होतं. पण खुंटीभोवती नऊ वर्षं वळलेली तार सरळ करणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला उठवणं. दोन दिवस थोडी थोडी ढिली करत होते. थोरली आली. दुसरी आली. तिसरी आली. धाकटी खुंटीपाशी तुटली. मी हळूच करत होते, तरी तुटली. मग खाली फरशीवर बसून रडले. चष्मेवाला आला, बघितलं, आणि दुकानाची पाटी 'बंद' करून गेला.

तेव्हा तीन मुरलेल्या आहेत आणि धाकटी नवी आहे. सुरुवातीला तीच तेवढी झणझणेल, कानाला लागेल. तिला वर्ष तरी जाईल. ती मी मुरवू शकत नाही, आता ती तुझ्याकडे आहे.

निरोप एकदा कबुलीत लिहिला, तो पोचवला असं होत नाही. म्हणून पुन्हा लिहिते. त्यातला एकही शब्द माझा नाही, उशीर तेवढा माझा आहे.

धाकट्या, बाबांनी सांगितलंय, तारा बदलू नको.

आशीर्वाद शेवटी देते म्हणाले होते. द्यायचा हक्क मला उरलाय की नाही ते तू बघ. मी देते आहे.

ताई